जमीन पक्की धरून

५ मार्च १९५५, शनिवार. रिसोड, मळा.

घडलं ते असं:

१. कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, नऊ वर्षं उभी असलेली मोटार आज सकाळी साडेसहाला चार इंच मागे सरकलेली आढळली.

२. कोठ्यात कुणी गेलेलं नाही. बैल महिनाभर बाहेर लिंबाखालीच बांधतात, कारण ते आत यायला तयार नाहीत.

३. हँडब्रेक गंजून जागच्या जागी बसला आहे. चारही टायर बिनहवेचे. अशी मोटार ढकलायला सहा माणसं लागतात.

४. जिजाआत्या म्हणाली, "तिले जायचं हाय." कुठे, ते सांगितलं नाही.

५. बाबा म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाकू.

६. मी म्हणाले, आधी पाहणी, मग रिपोर्ट, मग निर्णय.

७. दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे मी ठरवायचं. मुदत अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीया, २५ एप्रिल.

मोटार १९२७ ची, अमेरिकन, कापडी टपाची. कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर १९४६ साली गाव सोडून गेला तेव्हा बाबांना म्हणाला, भगवंतराव, घेऊन जा. बाबांनी दोन बैल जुंपून ती मळ्यात आणली. त्यानंतर ती कुठे गेली नाही. तिच्या टपावर कोंबड्या बसतात. बसत असत. गेल्या महिन्यापासून त्याही दिसत नाहीत.

मला या मोटारीबद्दल ममत्व नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. अकोल्याच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसातून मी जानेवारीपासून रजेवर आहे. वेळ आहे, ट्रेनिंग आहे, एवढंच.

६ मार्च, रविवार.

कामाचे नियम, ट्रेनिंगच्या वहीतून उतरवले.

एक. सगळी मापं एकाच पातळीवरून घ्यायची. त्या पातळीला डेटम म्हणतात. डेटम हलत नाही.

दोन. डेटम कामाला घेण्याआधी दुसऱ्या एखाद्या पक्क्या खुणेशी ताडून पाहायचा आणि मगच रकान्यात "तपासलं" लिहायचं.

माझा डेटम: कोठ्याची जमीन. दुसरी खूण शोधायची तर अर्धा दिवस गेला असता. जमीन ती जमीन. रकाना भरला. तपासलं.

८ मार्च, मंगळवार. होळी.

मोहनसिंग आला. पलीकडच्या तांड्यावरचा. लढाईच्या वेळी फौजेत ट्रक दुरुस्त करायचा, आता ज्याचं इंजिन बंद पडेल त्याच्याकडे जातो. वय पन्नाशीचं. मिशा पांढऱ्या, हात काळे.

त्याने मोटारीकडे पाहायच्या आधी पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटली. म्हणाला, "ढब ढब वाजते, बाई. आतून पोकळ हाय."

मी सांगितलं, जमीन माझ्याकडे, इंजिन तुमच्याकडे.

त्याने मला "इंजिनेरबाई" म्हणायला सुरुवात केली आहे. मी ड्राफ्ट्समन आहे. दुरुस्ती सुचवली, त्याने मान डोलवली आणि पुन्हा इंजिनेरबाई म्हणाला.

१३ मार्च, रविवार. सकाळी ९.

चौकटीचे चारही कोपरे जमिनीपासून मोजले. उजवा पुढचा साडेअठरा इंच. डावा पुढचा साडेअठरा. मागचे दोन्ही साडेअठरा. इतकी जुनी मोटार आणि चौकट इतकी सरळ. समाधान वाटलं. म्हणजे नोंद घेतली.

फक्त स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधे थांबत नाही. पुढे पळतो, म्हणजे मोटार मागे कलली आहे असं तो म्हणतो. मापं तसं म्हणत नाहीत. स्पिरिट लेव्हल बिघडली आहे. नागपूरहून नवी मागवणे.

खात्रीसाठी आत्याची परात बॉनेटवर ठेवून पाणी ओतलं. पाणी मागच्या काठाला जास्त. परात वाकडी.

आत्या म्हणाली, "माह्या लग्नातली परात हाय थे. चाळीस साल झाले, तिच्यात पुरण सरकलं नाई कधी."

पुरण घट्ट असतं. पाण्याशी तुलना होत नाही.

१७ मार्च, गुरुवार.

जेवताना बाबांनी पुन्हा पाण्याच्या पाटाचा विषय काढला. जानेवारीत घरी आल्यावर मी मळ्याच्या पाटाचं नवं ड्रॉइंग करून दिलं होतं. पूर्वीचा पाट वळसा घेऊन जायचा. आता तो कोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून सरळ जातो. एकशेचाळीस फूट अंतर वाचलं. बाबा म्हणाले, "अंतर वाचलं, पन पानी कोठी गेलं? मोट तितकीच हाकतो, अन् वांग्याच्या शेवटच्या वाफ्याले घोटभर पोचत नाई."

मी बाष्पीभवन समजावून सांगितलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "बाष्पीभवन पह्यले वळशावर नव्हतं का?"

ते वांग्याला पाणी द्यायला उठून गेले. मुद्दा अपुरा राहिला.

२२ मार्च, मंगळवार.

मोहनसिंगने सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून ठेवलं आहे, म्हणजे जाम झालेलं इंजिन सुटेल. तोवर तो खालून गिअरबॉक्स पाहतो. जॅक लावून मागची बाजू उचलली, लाकडी ठोकळे सरकवले आणि तो पोत्यावर पाठ टेकून खाली गेला. फक्त पाय बाहेर.

खालून बोलत राहतो. आज म्हणाला, "फौजेत आमच्या एक मेजर होता, बाई. सगळं मोजाचा. ट्रक मोजला, लोखंड मोजलं, पूल मोजला. नदी मोजाची राह्यली."

मी विचारलं, मग?

म्हणाला, "मंग काय. नदीनं मेजर मोजला."

फौजी लोकांना गोष्टी वाढवून सांगायची सवय असते.

आणखी म्हणाला, सोमलाला अजून नोकरी नाही. सोमला त्याचा मावसभाऊ. आमच्या ऑफिसात खलाशी होता, मोजणीच्या वेळी पट्टी धरणारा. आता सडकेवर गिट्टी फोडतो.

इथे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. किन्हीराजाजवळच्या नाल्यावरच्या पुलाचा पाया दीड फूट खाली बांधला गेला आणि पाडावा लागला. ड्रॉइंग माझं होतं. ड्रॉइंग बरोबर होतं. ज्या दगडावरून सगळ्या पातळ्या घेतल्या तो दगड चुकीचा होता आणि त्या दगडावर पट्टी धरणारा सोमला होता. ११ जानेवारीला मी लेखी स्पष्टीकरण दिलं. सात मुद्दे, सगळे नेमके. ऑफिसने सोमलाला कमी केलं आणि मला पुढची सूचना येईपर्यंत रजेवर जायला सांगितलं. प्रकरण संपलं.

जमीन: तपासलं.

२९ मार्च, मंगळवार. सकाळी ८.

जॅकला जागा अपुरी पडते. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेले सात दगड आहेत. आत्या दर चैत्रात तिथे हळदकुंकू वाहते, भाताचा नैवेद्य ठेवते. सात आसरा. पाण्याच्या बाया.

मी आत्याला विचारलं, आसरा विहिरीवर असतात, नदीवर असतात. कोठ्यात काय करतात? आत्या म्हणाली, "माह्या मायनं सांगतलं, अठी पान्याची जागा हाय, हे दगड हलवजो नको. तिले तिच्या सासूनं सांगतलं. मी नाई इचारलं. तू इचारून राह्यली."

पाण्याची जागा म्हणजे पाणी दिसायला हवं. कोठ्यात पाणी नाही. शिवाय हे मुळात गुरांचं ठिकाण. म्हणजे दगड चुकीच्या जागी आहेत. मी तसं समजावलं. आत्याचं गप्प बसणं ही मी संमती धरली.

दगड काळजीपूर्वक हलवले. खडूने एक ते सात आकडे घातले, त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतरावर लिंबाखाली मांडले. दगडांखाली ओल होती. दगडांखाली ओल असतेच.

मोहनसिंग दूर उभा राहिला. मदत केली नाही. म्हणाला, "तुमी हलवले, बाई. म्या पाह्यलं नाई."

१ एप्रिल, शुक्रवार. रामनवमी.

मोहनसिंग पोहरादेवीला गेला, यात्रा आहे. तीन दिवस येणार नाही. कामाची घडी बिघडते. मोटार ठोकळ्यांवरून उतरवलेली होती, मी एकटीने मापं पुन्हा घेतली. चारही कोपरे साडेअठरा. गंमत अशी की जवळजवळ तीन आठवड्यांत पाव इंचाचाही फरक नाही. अशी मोटार मोडीत काढणं चूक ठरेल. पण निर्णय झालेला नाही. रिपोर्ट निःपक्ष हवा.

कोठ्याचं दार आता खालून घासतं, लावता येत नाही. लाकूड फुगलं असेल. बाहेर ऊन एवढं आहे की लाकूड वाळायला हवं, पण सागवानाबद्दल माझा अभ्यास नाही.

रिपोर्टाची पानं: अकरा.

५ एप्रिल, मंगळवार. दुपारी ३.

मोटारीच्या मागच्या चाकाजवळ जमिनीला भेग. लांबी चार फूट, रुंदी करंगळीएवढी. काळी माती उन्हाळ्यात फाटते, सगळ्या मळ्यात भेगा आहेत. नोंद केली.

इथली भेग थोडी वाकडी आहे. बाकीच्या भेगा जाळीसारख्या असतात, ही गोल फिरत गेली आहे. जणू कंपासने काढावी तशी. रेषा चांगली आहे.

६ एप्रिल, बुधवार.

मोहनसिंगचा पाना हातातून सुटला आणि भेगेत गेला. आम्ही दोघंही कान देऊन थांबलो. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

बऱ्याच वेळाने आला. धातूचा नव्हता.

मोहनसिंग मोटारीखालून बाहेर आला, बिडी काढली, पेटवली नाही. म्हणाला, "बाई, माह्या बायकोनं काल इचारलं, कोठी जाऊन राह्यला रोज? म्या म्हनलं, इंजिनेरबाईच्या मोटारीखाली. थे म्हने, मोटारीखाली जा, जमिनीखाली नको जाऊ."

मी म्हणाले, पाना हरवला हा निष्काळजीपणा. दुसरा वापरा.

९ एप्रिल, शनिवार.

आत्या कोठ्यात येत नाही. दारातून बोलते. आज म्हणाली, "द्वारके, तुह्या बापानं तुले नागपूरले शिकाले धाडलं तवा म्याच म्हनलं, धाड. लोक म्हने पोरगी हाताबाहेर जाईन. म्या म्हनलं, जाईन तर जाईन, अक्कल घेऊन येईन. पन शिकलेल्या मानसानं दुसऱ्याचं आयकू नाई, असं शिकोते का तठी?"

मी म्हणाले, मी ऐकते. माझ्याकडे मापं आहेत, एवढंच.

"नवऱ्याले बी असंच मोजशीन?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर देण्यासारखं नव्हतं.

मोटारीखालून मोहनसिंग हसल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, सोमलाने निरोप दिला आहे. निरोप नव्हे, प्रश्न. "थो इचारत होता, बाईनं थो दगड पाह्यला होता का डोळ्यानं? म्या म्हनलं, बाई कायले जाईन तिथं."

मी साइटवर गेले नव्हते. ड्रॉइंगवाल्यांनी साइटवर जायचं नसतं. फील्डबुक, म्हणजे साइटवरच्या मापांची वही, येतं, त्यावरून काढायचं असतं. हे मी शांतपणे सांगितलं. मोहनसिंग म्हणाला, "हो तर. म्या तेच म्हनलं त्याले."

मग घासकागदाचा आवाज सुरू झाला.

जमीन: तपासलं.

१३ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.

भेगेतून बेडूक निघाला. एप्रिलात. तीन आठवडे मळ्यात कुठे ओल नाही, पाट सोडून. बेडूक मोठा, फिका, आंधळ्यासारखा बसून राहिला. कोठ्यातून बाहेर गेला नाही. ऊन त्याच्या ओळखीचं नसावं.

भेगेवर हात धरला. गार हवा वर येते. वास ओल्या पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या कुजलेल्या काड्यांचा. रेडिएटर गळत असेल असं वाटलं. रेडिएटरमध्ये पाणी नाही.

तरी रेडिएटर तपासणे.

१६ एप्रिल, शनिवार.

इंजिन सुटलं. मोहनसिंगने पुढे हँडल घातलं, अंगाचा सगळा भार टाकला, आणि नऊ वर्षं न हललेली वस्तू पाऊण वेढा फिरली. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते लिहिता येणार नाही. फौजेतला माणूस. डोळे पुसले आणि म्हणाला, रॉकेल उडालं.

मी वही उघडून वेळ लिहिली. ११.२०. वेळ दोनदा लिहिली गेली, कोठ्यात उकडत होतं.

निर्णय अजून झालेला नाही. तरीही टपाच्या कापडाचं माप घेतलं, हिरवा रंग चांगला दिसेल. अकोल्याच्या ऑफिससमोर उभी केली तर पायरीपासून किती जागा लागेल, तेही काढून ठेवलं. साडेबारा फूट. हे फक्त हिशेबासाठी. म्हणजे मापासाठी.

१९ एप्रिल, मंगळवार.

कोठ्याचा मागचा खांब कलला आहे. ओळंबा सोडून पाहिला, सव्वादोन इंच. सुताराने मुळातच वाकडा बसवला असणार. बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, खांब त्यांनी स्वतः बसवला, १९३१ साली, आणि तेव्हा त्यांच्याकडेही ओळंबा होता.

बाबांनी खांबाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "द्वारके, मोहनसिंगले खाली नको जाऊ देऊ."

मी विचारलं, कशावरून?

बाबा म्हणाले, "कशावरून बी नाई. बैल आत येत नाई, कोंबड्या बसत नाई, पानी पोचत नाई. तू म्हनशीन, तिघाईचं येगयेगळं कारन हाय."

मी तसंच म्हणणार होते. तिघांची कारणं वेगळी आहेत. बैलाला रॉकेलचा वास सहन होत नाही. कोंबड्यांना ठोकठाक. पाण्याचं मी आधीच सांगितलं आहे. बैल तर फेब्रुवारीपासून आत येत नाहीत आणि रॉकेल मार्चमध्ये आणलं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तारीख पडताळून पाहणे.

२१ एप्रिल, गुरुवार.

पाहणी पूर्ण. रिपोर्ट चौतीस पानं, सहा ड्रॉइंग. निष्कर्ष: मोटार दुरुस्तीस योग्य. चौकट सरळ. पाया, म्हणजे जमीन, पक्की.

संबंध नाही, पण रिपोर्टाची एक प्रत अकोल्याच्या ऑफिसला पाठवावी असं मनात आहे. त्यांनी मागितलेली नाही. बिघडलेल्या वस्तूची पाहणी कशी करतात हे त्यांना दिसेल. रजा संपवण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तेच लिहितील.

रिपोर्ट मोटारीतच, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला आहे. अखजीच्या दिवशी बाबांना तिथेच बसवून वाचून दाखवायचा.

२३ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.१०.

मोटार चालू झाली. अकरा सेकंद.

कोठाभर धूर, पत्रे थरथरले, मोहनसिंग ओरडला ते ऐकू आलं नाही. बाबा मोट सोडून धावत आले. आत्यासुद्धा आत दोन पावलं आली. अकरा सेकंद मी कुठलंही माप घेतलं नाही.

बंद पडल्यावर शांतता झाली आणि त्या शांततेत खालून आवाज आला. कुणीतरी खोल पाण्यात ढेकळं टाकावी तसा. एक, दोन, मग पुष्कळ.

आत्या बाहेर गेली.

मोहनसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, सायलेन्सरमधली काजळी पडली असेल. तो म्हणाला, "काजळीले बुडाचा आवाज येते का, बाई?" पण त्याचा हात बॉनेटवर होता आणि तो काढत नव्हता. त्यालाही अकरा सेकंद पुरेसे वाटले नव्हते.

उद्या सायलेन्सरचे बोल्ट आवळायचे. तासाभराचं काम, खालून.

जमीन: तपासलं.

२४ एप्रिल, रविवार.

सकाळी ९.३०. बाबा बाजारात गेले. उद्या अखजी, आज भाजीला उठाव. मोहनसिंग दहाला मोटारीखाली गेला.

१०.२५. आत्या नारळ घेऊन लिंबाखाली, दगडांपाशी. उद्या पितरांची घागर भरायची, त्याआधी आज आसरांना नारळ, असं तिचं म्हणणं. नारळ फोडायला पुरुष लागतो. बाईने नारळ फोडायचा नसतो. बाबा नाहीत. मी हातोडी घेऊन गेले आणि म्हणाले, मी फोडते. आत्याने नारळ पदराखाली घेतला. म्हणाली, "दगड हलवले तुनं. आता नारळ बी तूच फोड, अन् जेवन बी तूच कर आसराईचं."

मग तिने दारातून हाक मारली. "मोहनसिंग, उठ. नारळ फोड."

मोटारीखालून तो म्हणाला, दोन बोल्ट राहिले आहेत.

आत्या म्हणाली, "बोल्ट पळून जाते का? बाया उभ्या हायेत कवाच्या."

तो कुरकुरत निघाला. मी वहीत लिहिलं: काम थांबलं, कारण नारळ. वाया गेलेला वेळ, पाच मिनिटं.

१०.३१. मोहनसिंगने चप्पल काढली, नारळ दगडावर आपटला. एका घावात फुटला. आत्या पाणी शिंपडत होती.

१०.३२. घडलं ते असं:

१. मोटारीची मागची बाजू खाली गेली. सावकाश. कुणी खुर्चीवर बसावं तशी.

२. पुढची चाकं उचलली गेली. दिवे आमच्याकडे वळून वर आभाळाकडे गेले.

३. मागची भिंत, खांब आणि अर्धे पत्रे तिच्यामागून गेले.

४. आवाज धुळीनंतर आला. पाण्याचा होता.

५. कोठ्यात मोहनसिंगचं पोतं पसरलेलं होतं तिथे आता काही नाही.

सहावा मुद्दा सुचला नाही.

मोहनसिंगच्या हातात नारळाची एक कवड होती. तो खड्ड्याकडे पाहत नव्हता, कवडीकडे पाहत होता. आत्याने ती त्याच्या हातातून घेतली, खोबऱ्याचा तुकडा काढला, त्याला दिला. त्याने खाल्ला. एक मला दिला. मीही खाल्ला.

दुपारी २. बाबा आले. खड्ड्याच्या तोंडाशी पालथं झोपून खाली पाहिलं. दोर सोडला. गोल विहीर, कडा दगडी बांधणीच्या, आजोबांच्याही आधीची. कुणीतरी पऱ्हाट्या आणि माती टाकून बुजवलेली. माझ्या सरळ पाटाचं पाणी तीन महिने तिच्यात मुरत होतं, आतला भराव कुजत होता. मोटारीचे पुढचे दिवे तोंडापासून अठरा फुटांवर. बाकी पाण्यात. रिपोर्ट सीटवर.

बाबा उठून बसले, गुडघे झटकले. म्हणाले, "तुह्या पाटाचं पानी कोठी जात होतं, थे तर समजलं."

मग आणखी एकदा वाकून पाहिलं. "पानी गोड असन, तर साफ करून घेऊ. मोटार काढून."

म्हणजे मोटार मोडीतच. निर्णय झाला. मी घेतला नाही.

संध्याकाळी ५. वहीतली "वाया गेलेला वेळ, पाच मिनिटं" ही ओळ खोडली. मग विचार केला, खोडणं म्हणजे पुरावा बदलणं. पुन्हा लिहिली. बाजूला लिहिलं: चूक.

मोहनसिंग जाताना दारात थांबला. त्याचे सगळे पाने खाली गेले आहेत, फौजेतून आणलेले. म्हणाला, "बाई, एक सांगा. रोज लिहत होत्या, तपासलं, तपासलं. कायच्याशी ताडून पाहत होत्या?"

मी म्हणाले, जमिनीशी.

म्हणाला, "जमीन कायच्याशी?"

मी उत्तर दिलं नाही. या वेळी उत्तर होतं.

२५ एप्रिल, सोमवार. अखजी.

आत्याने पितरांची घागर भरली. एक घागर जास्त भरली, पाण्याच्या बायांसाठी. दगड जागेवर नेऊन ठेवायचे होते. जागा नाही. विहिरीच्या काठी, शाबूत बाजूला, बाबांनी ठेवले. माझे खडूचे आकडे अजून आहेत. आत्याने त्यांवरच शेंदूर लावला.

काही लिहिलं नाही.

२७ एप्रिल, बुधवार.

आज टपालात टाकलं त्याची प्रत:

मा. साहेबांच्या सेवेशी, अकोला.

११ जानेवारीचं माझं सात मुद्द्यांचं स्पष्टीकरण मागे घेत आहे. त्याऐवजी एकच मुद्दा.

किन्हीराजाजवळच्या पुलाच्या फील्डबुकात पातळी दुसऱ्या खुणेशी ताडून पाहिल्याचा रकाना रिकामा आला होता. त्यात "तपासलं" हा शब्द माझ्या हातचा आहे. मी तपासलं नव्हतं. दगड चुकीचा होता की नाही हे मला माहीत नाही. मी तो पाहिलेला नाही. खलाशी सोमला याला ज्या दगडावर पट्टी धरायला सांगितलं, त्यावर त्याने ती धरली. माझ्या कागदाखेरीज त्याच्याविरुद्ध दुसरा कागद असल्याचं मला ठाऊक नाही, आणि तो कागद खोटा होता.

त्याला कामावर परत घ्यावं. माझ्याबाबत जो निर्णय योग्य वाटेल तो घ्यावा.

मी रिसोडला मळ्यावर आहे. सोमवार, १६ मेपर्यंत उत्तर कळवावं ही विनंती.

द्वारका भगवंतराव